एकशे चौऱ्याण्णवावी पायरी

सीझनच्या पहिल्याच दिवशी आमच्या शेजारच्या गाइडने दारूच्या नशेत अकरा पर्यटकांना कड्यावर नेलं, ही बातमी दुपारच्या आत गावभर झाली. चारच्या सुमाराला ती फिरून माझ्या दुकानात आली, तेव्हा पर्यटक वीस झाले होते आणि बाटल्या दोन. तिखटमीठ लावण्यात मी स्वतः कुणाला हार जात नाही, पण खोटं ते खोटं. तो गाइड म्हणजे आमचे भाऊजी, ते सर्दीचं औषधसुद्धा आधी हुंगून बघतात. पर्यटक अकराच होते. कड्याच्या काठावर गेले होते, हे मात्र खरं.

आमचं गाव खिंडीतलं. चारशे वर्षांपूर्वी माल लादलेली खेचरं इथे मुक्काम करायची. त्यांच्या पागेचं आता हॉटेल झालंय आणि जिथे खेचरं लाथा झाडायची तिथे नवी जोडपी खिडकीतून धुकं बघत बसतात. हे सगळं लोकांना दाखवायचं काम भाऊजी एकतीस वर्षं करतायत. चौकातल्या माझ्या फोटोंच्या दुकानापासून सुरुवात, मग जकातनाका, झरा, पागा आणि शेवटी पायऱ्यांनी वर बुरुजाकडे. गोष्ट सांगता सांगता अधूनमधून ओठांत आकडे पुटपुटायचे, म्हणून गावाने त्यांचं नाव ठेवलं 'मीटर'. आम्हाला वाटायचं, सवय आहे माणसाची.

थंडीत एकदा माझ्या अंगणात ह्यांचा ओव्हरकोट वाळत होता. भाऊजी फाटकापाशी थांबले आणि कोटाला म्हणाले, "काय हो, आज कामावर नाही?" मी हसून लोटपोट झाले. तेही हसले, आणि मग आठवडाभर आमच्या दारावरून गेलेच नाहीत. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. मी मात्र तो किस्सा दुकानात येईल त्याला ऐकवत बसले.

बुरुजाच्या वाटेवर एकशे चौऱ्याण्णव पायऱ्या झाल्या की डावीकडे वळायचं. पण सीझनआधी गाव पर्यटकांना बंद असताना हॉटेलवाल्यांनी पाहुण्यांच्या गुडघ्यांची काळजी म्हणून मधल्या उंच पायऱ्या फोडून बुटक्या केल्या. सहा पायऱ्या वाढल्या. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. भाऊजींना वेगळं सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्यांचीच तर वाट ती.

त्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. भाऊजी सरदाराच्या हट्टी खेचराची गोष्ट रंगवत एकशे चौऱ्याण्णवाव्या पायरीला डावीकडे वळले. तिथे बुरूज नव्हता, मोकळी उतरण होती. मागची मंडळी गोष्टीत गुंग, तीही वळली. एका बाईच्या पायाखालचा दगड सुटला. नवऱ्याने तिच्या पाठीवरची पिशवी घट्ट धरली म्हणून ती राहिली. तिचा बूट दरीत गेला.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. वहिनी कांदा चिरत होत्या, त्यामुळे रडू कशाचं ते कळायला मार्ग नव्हता. भाऊजी खिडकीकडे तोंड करून बसलेले.

"भाऊजी, किती दिसतं तुम्हाला? खरं सांगा."

"कडेकडेचं दिसतं. मधलं गेलंय."

"कधीपासून?"

"तीन वर्षं," उत्तर वहिनींनी दिलं. "आणि मला म्हणतात, तू वाळत चाललीस म्हणून दिसत नाहीस."

कड्यावरच्या प्रकारानंतर ग्रामसमितीने त्यांना गुरुवारी डोळे तपासायला बोलावलं होतं. तपासणीत नापास, तर छातीवरचा पितळी बिल्ला जमा. बिल्ल्याशिवाय वाट दाखवता येत नाही आणि भाऊजींना दुसरं काही येत नाही. साधी चूलसुद्धा पेटवता येत नाही, विचारा वहिनींना. शिवाय हॉटेलवाले टपूनच बसलेत. त्यांना कानात घालायचं यंत्र आणायचंय, जे सगळ्या भाषा बोलतं आणि मधेच चहा मागत नाही.

मग मी उद्योग केला. दवाखान्यात जाऊन अशी काही खोकले, की नर्सबाई औषध आणायला आत पळाल्या. तेवढ्यात भिंतीवरच्या, डोळे तपासायच्या तक्त्याच्या आठही ओळी मी हातावर उतरवून घेतल्या. सगळ्यात खालची वाचताना नाक भिंतीला टेकलं. तासाभरात भाऊजींना तक्ता पाठ झाला, सुलटा आणि उलटा.

"पकडले गेलो तर?" वहिनी म्हणाल्या.

"तर सांगा, शेजारणीने नादी लावलं. तसंही गाव माझ्याबद्दल काय चांगलं बोलतं?"

वहिनी हसल्या. भाऊजी नाही. त्यांनी विचारलं, "त्या बाईंना दुसरा बूट मिळाला का?" मी म्हटलं, हॉटेलने दिला. पुढे दोन दिवस ते वाटेला गेलेच नाहीत. अंगणातल्या अंगणात फेऱ्या मारायचे, ओठ मिटून.

गुरुवारी समितीच्या खोलीत अध्यक्ष, तोच तक्ता घेऊन आलेल्या नर्सबाई आणि दाराशी अर्धं गाव. सगळ्यात पुढे अर्थातच मी. नर्सबाईंनी ओळीचा नंबर सांगायचा आणि भाऊजींनी अक्षरं. तिसरी ओळ बरोबर, सहावी बरोबर. शेवटची ओळ तर त्यांनी पाढे म्हणावेत तशी म्हटली. दारू-दारू करणारे एकमेकांकडे बघायला लागले.

अध्यक्ष खूश. "घारीची नजर आहे हो तुमची! उद्यापासून कामावर या."

भाऊजी उठले. चाचपडत छातीवरची पिन काढली आणि बिल्ला टेबलावर ठेवला. टेबलाची कड नेमकी सापडेना, म्हणून आधी हाताने शोधली. मी मागून त्यांचा कोट ओढला. त्यांनी सोडवून घेतला.

अध्यक्ष गोंधळले. "अहो, एक अक्षर चुकलं नाही तुमचं! मग हे काय?"

भाऊजी म्हणाले, "ती वाटही मला अशीच पाठ होती."