टाळूत थांबलेलं तेल

इस्रायलमधल्या रामल्याच्या पत्र्याच्या घरातला आमचा तो पहिला उन्हाळा. वाळवंटाकडून भाजका वारा येई आणि झाकलेल्या हंड्यातल्या पाण्यावरही धुळीची साय धरे. सात महिन्यांच्या माझ्या लेकीला दोन दिवस जुलाब होत होते. "पाणी देऊ नकोस गो, पोट आणखी वाहील," सासूबाई म्हणाल्या, आणि मी दिलं नाही.

मुंबईहून आणलेल्या खोबरेलाने त्या रोज नातीची टाळू भरत. तेल नेहमी कपाळावर ओघळे. त्या सकाळी ओघळलं नाही. टाळूच्या मऊ खळग्यात ते तळ्यासारखं थांबलं. त्यात दारातलं ऊन थरथरत होतं. मला ते सुंदर वाटलं. मी बघत राहिले.

"आज थेंब वाया गेला नाही," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. "शाळेत कविता शिकलीस, टाळू भरणं माझ्याकडून शीक!"

दुपारी लेक रडू लागली. रडण्याला आवाज होता, आसवं नव्हती. लंगोट सकाळपासून कोरडा होता. मी तिला उचलून बाळांच्या दवाखान्यात धावले.

तिथली रुमानियाची नर्स फक्त हिब्रू बोलत होती. तिने टोपडं काढलं, तेल पुसलं आणि माझं बोट धरून त्या खळग्यात टेकवलं. माझं बोट आत गेलं. सकाळी जे तळं मी डोळे भरून पाहिलं होतं, ते माझ्या लेकीच्या अंगातलं पाणी आटल्याची खूण होती.

"माईम," ती म्हणाली. पाणी. नळावरच्या रांगेत शिकलेला माझा पहिला हिब्रू शब्द. तिने पातळ चहात साखर आणि चिमूटभर मीठ ढवळलं, एक चमचा पाजला, थांबली, मग दुसरा पाजला. शेवटी घड्याळातल्या सहाकडे आणि मग इस्पितळाच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. मला कळलं: सहापर्यंत उतार पडला नाही, तर इस्पितळ.

"जुलाबात पाणी? वेड लागलंय त्या बाईला!" घरी सासूबाई कडाडल्या.

"आई, हात लावून बघा."

त्यांनी टाळूवर तेलाशिवाय बोट ठेवलं आणि चटकन मागे घेतलं. चमचा माझ्या हातून काढून घेतला. मग चमच्यामागून चमचा; मधूनमधून मी तिला छातीशी धरत होते. पत्रा तापून कडकडत होता. साडेपाचच्या सुमारास तिने चमचा हाताने ढकलला आणि रागाने भोकाड पसरलं. गालावर एक ओली रेघ उतरली.

"रडतेय गो! पाण्यानं रडतेय!" सासूबाई हसत होत्या, आणि त्यांचाही गाल ओला होता.

चार दिवसांनी जुलाब थांबल्यावर त्यांनी पुन्हा डबा काढला. तळाशी राहिलेलं सगळं तेल टाळूवर ओतलं. ते क्षणभरही थांबलं नाही. कपाळावरून, भुवईवरून, माझ्या बाहीवर ओघळत गेलं.

"गेलं सगळं वाया," त्या तृप्तपणे म्हणाल्या. आम्ही दोघींनीही ते पुसलं नाही.