परत फिरणारा ठिपका

आमच्या माहेरी डोळा जायची पद्धतच आहे. आधी वडिलांचा गेला, मग दादाचा. दादाला डोळ्यापुढे काळं काहीतरी तरंगताना दिसायचं. तो म्हणायचा, ‘जाईल आपोआप.’ ते राहिलं, डोळाच गेला. माझा डावा तर जन्माचाच मंद. सगळी भिस्त उजव्यावर, आणि दुर्बिणीला मी तोच लावते.

पनवेलच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर दिवेलागणीला दुर्बीण मांडली की लोक जमतात. ताऱ्यांचं कुणाला सोयरसुतक नाही. काही हललं, की मात्र ‘मॅडम, ते काय?’ अहो, लुकलुकतंय ना, मग विमान. न लुकलुकता एका चालीने सरळ गेलं आणि मध्येच विझलं, तर उपग्रह. चंद्रावरून सपकन गेलं, तर वटवाघूळ. दिवसभर शाळेत घसा फोडून यायचं आणि वर परत शाळाच. वीट आलाय मला.

त्या संध्याकाळी मात्र आम्ही नवरा-बायको दोघंच होतो. दुर्बीण अर्ध्या चंद्रावर लावली होती. त्याच्यावरून एक काळा ठिपका निघाला, अगदी सावकाश. वटवाघूळ इतकं रेंगाळत नाही. उपग्रह म्हणावं, तर तो कडेशी थांबला आणि परत फिरला. इतक्या वर्षांत परत फिरलेलं मी काही पाहिलं नव्हतं. भिंगावर कचरा असेल म्हणून डोळ्याकडचं भिंग फिरवलं. ठिपका त्याच्याबरोबर फिरला नाही. मग डावा डोळा लावला. चंद्र अंधुक दिसला, पण ठिपका नव्हता.

मी मान वर केली. समोरच्या पाण्याच्या पांढऱ्या टाकीवरही तो होताच.

‘काय गं, विमान हाय का?’ यांनी विचारलं. हे चिरनेरचे, घरात गावचंच बोलतात.

‘नाही.’

‘मंग सॅटेलाइट?’

‘नाही. माझ्या डोळ्यात आहे ते.’

मला रडूसुद्धा आलं नाही, नुसता थकवा आला. म्हटलं, ‘उद्यापासून परीक्षा आहेत. रविवारी दाखवू. तोवर जाईलही आपोआप.’

बोलले, आणि कुणाचं वाक्य बोलले ते माझं मलाच कळलं. यांनाही कळलं. दुर्बिणीला झाकण घालत म्हणाले, ‘रविवार नाय. चप्पल घाल.’

डोळ्याच्या पडद्याला चीर गेली होती. वेळेवर आलात, डॉक्टर म्हणाले, आणि लेझर केलं. डोळा वाचला. ठिपका मात्र राहील म्हणाले, त्याची सवय करा.

घरी येऊन दादाला फोन केला. सगळं ऐकून त्याने एवढंच विचारलं,

‘थांबून परत फिरतो का गं तो?’

‘फिरतो.’

‘माझाही फिरायचा,’ दादा म्हणाला.