आधी पुसणारा अब्दुल सत्तार

तुमच्या घरातल्या गेलेल्या माणसाचा आवाज तुम्ही कुठं ठेवला आहे? एकाच जागी ना? मग अकोटच्या अब्दुल सत्तारची गोष्ट ऐकाच.

एसटी स्टँडासमोर पानठेल्याएवढं त्याचं दुकान. वीस वर्षं त्यानं कॅसेटी भरून दिल्या. जुनी कॅसेट आली की आधी सगळी पुसायची, मगच नवी गाणी भरायची. नाहीतर दोन गाण्यांच्या मधात जुनं भूत बोलतं. "आधी साफ, मंग भर," हे त्याचं ब्रीद. कॅसेटी गेल्या, कम्प्युटर आला, हात मात्र तोच राहिला. गाणी वाजवणारी एमपीथ्रीची डबी पुढ्यात आली, की आधी साफ.

दोन हजार नऊ साली, कापूस वेचणीच्या दिवसांत, बाजाराच्या दिवशी सुभद्रा आली. हिचा नवरा श्रावण दोन वर्षांमागं लोकाच्या वावरात फवारा मारता मारता पडला, तो उठलाच नाही. वावर त्याच्या नावावर नव्हतं, म्हणून सरकारच्या मदतीच्या कोणत्याच यादीत तो बसला नाही. मजुराच्या अंगात गेलेलं विष काय विष नसतं? जाऊ द्या. कुठं कुठं भांडावं माणसानं!

सुभद्रानं दोन डब्या ठेवल्या. जुनी तिची, नवी लेकीची. नांदगाव पेठेच्या सूतगिरणीत कामाला असलेल्या लेकीनं कंडक्टरच्या हाती धाडलेली.

"चाचा, हिच्यातले गाणे माह्या डबीत टाकून द्या. लेकीची पाचच्या गाडीनं वापस धाडाची हाय."

"किती टाकू?"

"मावतीन तितके टाका नं बाप्पा!"

दुकानात गर्दी. सत्तारनं दोन्ही डब्या जोडल्या, सवयीनं सुभद्राची साफ केली अन् काठोकाठ भरून हातात दिली. तिनं कानाला लावली. एक गाणं, दुसरं गाणं. मग ती भराभरा बटण दाबत सुटली.

"चाचा, यातला हा कुठी गेला?"

"कोन?"

"माहा मानूस."

श्रावण खंजिरी भजनात गायचा. मोझरीला महाराजांच्या पुण्यतिथीला जाण्याआधी लेकीनं घरीच त्याची तीन भजनं या डबीत भरून घेतली होती. तिसऱ्याच्या शेवटी तो म्हणायचा, "पुरे आता. सुभद्रे, चहा ठेव." रोज संध्याकाळी ती ते ऐकायची अन् खरंच चहा ठेवायची.

सत्तार तिच्यावरच डाफरला. चूक झालेला माणूस आधी चिडतोच.

"मंग बोलली काहून नाही तू?"

"टाका म्हनलं होतं नं, चाचा. पुसा कुठी म्हनलं?"

सत्तारनं तिची डबी परत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो डबी घेऊन अमरावतीला गेला. तिथला जाणता मेकॅनिक म्हणाला, "नुसतं पुसलं असतं तं काढून देल्लं असतं. तुमी त्याच्यावर काठोकाठ भरलं." मग सत्तारनं माळ्यावरची कॅसेटींची पोती उपसली. सुभद्राच्या गावची भजनस्पर्धा त्यानं एकदा भरली होती. तीन दिवसांनी ती कॅसेट सापडली. तिच्यावरही त्यानंच पुढं सिनेमाची गाणी भरलेली! त्या दिवशी लाइट गेली होती, म्हणून शेवटचं अर्धं मिनिट तेवढं पुसायचं राहिलं होतं.

ते अर्धं मिनिट त्यानं सुभद्राच्या डबीत टाकलं. यावेळी न विचारता काही पुसलं नाही. लेकीचं एक गाणं सुभद्राला निरोप धाडून, विचारून काढलं अन् तेवढी जागा केली. डबी द्यायला तो स्वतः गावात गेला. खंजिरी, टाळ, दहा-बारा गड्यांचा एकच कल्ला. सुभद्रानं तीनदा ऐकलं.

"हाय का त्याच्यात?" सत्तारनं विचारलं.

"असन," ती म्हणाली. "टाळकऱ्याइत असन कुठी तरी. बसा, चहा ठेवतो."



आता तो गिऱ्हाइकाला आधी विचारतो, "आत कोन हाय?" पोरं हसतात, "चाचा, गाणे भरता का पंचनामा करता?" तो हसत नाही. तरी नव्या डबीच्या वेळी त्याचं बोट अजूनही आधी पुसायच्या बटणाकडेच जातं. दुसऱ्या हातानं तो ते धरतो.

म्हणून सांगतो, आज घरी गेल्यावर तो आवाज दुसऱ्या एका जागी उतरवून ठेवा. अन् डबी कोणाच्याही हाती देताना, लाज न धरता, आत कोण आहे ते नाव घेऊन सांगा.