चिमूटभर हुग्गी

मुरुम गावात आमच्या गल्लीत कुणाचं लग्न ठरलं की आचाऱ्याच्याही आधी रुद्रम्माअव्वांकडे निरोप जायचा. त्यांच्यासारखी गव्हाची हुग्गी कुणालाच जमत नव्हती. खपली गहू ओला करून सडायचा, कोंडा पाखडून काढायचा, दाणा फुटेपर्यंत मंद जाळावर ठेवायचा आणि मग गूळ, सुंठ, खोबरं घालून घोटत बसायचं. दर सोमवारी मठात दासोह असतो. येईल त्याला जेवण. तिथल्या हुग्गीची कढई अव्वांच्याच हाती होती. जेवून झालं की त्या ताटात पाणी ओतायच्या, बोटानं ताट धुवायच्या आणि ते पाणी पिऊन टाकायच्या. परसादाचं एक शीत वाया जाता कामा नये, ही त्या घरची रीत. सून आली तशी तीही तेच शिकली.

सून म्हणजे श्रीदेवीकाकू. माहेर जळकोटचं. नवरा विरेशकाका, बाजारपेठेत भुसाराचं दुकान. लग्नानंतर काकू दिवसेंदिवस वाळत गेल्या. खाल्लेलं अंगी लागेना, पोट कायम बिघडलेलं, रक्त कमी. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. दृष्ट काढून झाली, टॉनिकच्या बाटल्या झाल्या. शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी घशातून नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा तपासायला पाठवला आणि आजाराचं नाव सांगितलं : सिलिॲक. गव्हातल्या एका घटकाला शरीर शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच आतड्याची नासधूस करतं. त्याला गोळी नाही. गहू जन्मभर बंद, हाच उपाय.

गल्लीला हसू आलं.

“एवढं सोलापूर गाठून काय कळलं, तर भाकरी खा!” आमची आई म्हणाली.

“म्या तर फुकटात सांगितलं असतं,” अव्वा म्हणाल्या. “आगं, आपण ज्वारीची माणसं. सणाला पोळी न्हाय खाल्ली तर काय मरतंय व्हय?”

अव्वांना ते खरंच सोपं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच घरातलं गव्हाचं पीठ शेजारी आम्हाला आणून दिलं. शेवयांचा डबा धुऊन उन्हात पालथा घातला. सुनेचा तवा वेगळा, परात वेगळी. काकू लग्नकार्याला जाताना पिशवीत भाकरी नेऊ लागल्या. “आमच्या घरची पोळी चालंना व्हय?” असं कुणी टोचलं की अव्वाच पुढं व्हायच्या, “तिला न्हाय चालत. मला दोन वाढ, तिच्या वाट्याची मीच खाते.”

तरी काकूंची तब्येत सुधारेना. थोडं बरं वाटायचं, पुन्हा पोट बिघडायचं. त्यातच तिसऱ्यांदा दिवस राहिले. डॉक्टरांनी बजावलं, या वेळी गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये. काकू पाणीसुद्धा घरचंच प्यायच्या. मठात जाणं त्यांनी थांबवलं. अव्वा मात्र न चुकता जायच्या आणि कपाळाला लावायला अंगारा आणायच्या. आमच्या आईला म्हणायच्या, “आवंदा पाळणा हलणार बघ.”

तोही गर्भ गेला. पोट दिसायला लागलं होतं.

काकू दवाखान्यातून आल्या त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. काही दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेला, म्हणून काकांनी तो वाचायला मला बोलावलं. शरीर गव्हाशी लढतंय हे दाखवणारा आकडा जवळपास होता तिथंच होता. याचा अर्थ एकच, गहू पोटात जात होता.

“माझी शप्पथ,” काकू उठून बसल्या. “मी तोंडालासुद्धा लावला नाही.”

काकांनी सोलापूरला फोन केला. डॉक्टरांनी सांगितलं ते मोठ्यानं म्हणत गेले : गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी चालणार नाही. डबीतला हिंग बघा, त्यात गव्हाचं पीठ असतं. बाहेरचे मसाले बघा. अव्वा जरा दूर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले.

“आन् परसाद?” त्यांनी विचारलं.

“परसादाचं काय, अव्वा?”

“परसाद गहू असतोय व्हय, इरेश?”

अव्वाच पुढं बोलल्या, काहीशा घाईनं. “जास्त न्हाय. दर सोमवारी चिमूटभर हुग्गी आणत होते. कुस्करून तिच्या आमटीत टाकायची. पोटातलं टिकावं म्हणून. सांगितलं असतं तर ती न्हाय म्हणाली असती. परसादानं कुणाचं वाईट हुतंय का कधी?”

काका ओरडले नाहीत. फोन ठेवून ते चप्पल न घालताच बाहेर गेले. काकू सासूकडे बघत राहिल्या आणि मग पुन्हा भिंतीकडे वळल्या.

गर्भ त्यामुळंच गेला का, हे काकांनी डॉक्टरांना नंतर विचारलं. खात्रीनं सांगता येत नाही, असं उत्तर आलं. त्या उत्तरानं घरात कुणाचीच सुटका झाली नाही. काकू भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आमची आई अजून म्हणते. त्या भांडल्या नाहीत. अव्वांना वेळेवर भाकरी वाढत राहिल्या, “आमटी घेता का?” एवढंच विचारत राहिल्या. अव्वांनी मठाची कढई सोडली. सुनेच्या भांड्यांना हात लावणंही सोडलं. तांब्या हवा असला तरी तिला हाक मारायच्या.

काकूंचे रिपोर्ट हळूहळू सुधारले, अंगावर मांस चढलं. दिवस मात्र पुन्हा राहिले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात अव्वांनी अंथरूण धरलं. त्यांचं खाणं पेजेवर आलं. एका सोमवारी काकू दुकानातून खपली गहू घेऊन आमच्याकडे आल्या. “तुमच्या चुलीवर करू का?” त्यांनी विचारलं. आमच्याच उखळात त्यांनी गहू सडला, दुपारपर्यंत घोटत बसल्या. चाखता येत नव्हतं, म्हणून आईला चाखायला लावलं. देवाला दाखवून ताट अव्वांपुढं ठेवायला मीही सोबत गेले.

अव्वांनी हुग्गी ओळखली. काकूंनी चमच्यानं दोन घास भरवले.

“गूळ कमी पडलाय गं,” अव्वा म्हणाल्या.

“तुमच्या हाताची सर कुठून येणार?” काकू म्हणाल्या. त्या दोघींना एवढंसुद्धा बोलताना मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते.

तिसरा घास गेला नाही. ताटात बरंच राहिलं होतं. काकूंनी ते उचलायला हात पुढं केला, तशी अव्वांनी ताट छातीशी ओढलं. लुगड्यावर हुग्गी सांडली.

“इरेशला येऊ दे.”

“अव्वा, हात लावल्यानं काही होत नाही. पोटात गेलं तरच.”

“ठावं हाय मला. तू परसाद टाकणार न्हाईस. मीच शिकवलंय तुला. पाणी घालून पिशील.”

काकू नाही म्हणाल्या नाहीत.

काका दुकान बंद करून येईपर्यंत अव्वा ताट धरून पडून होत्या. काकू उंबऱ्यात बसून होत्या. काका आले, त्यांनी आईच्या हातातून ताट सोडवून घेतलं, गार झालेली हुग्गी उभ्यानंच खाल्ली, पाणी ओतून ताट धुतलं आणि ते पाणी प्यायले. मगच अव्वांनी डोळे मिटले.

पुढचा सोमवार त्यांना दिसला नाही.