उत्तरेच्या भिंतीवरचे ऊन

मनोहररावांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांच्याकडे कॅमेराच नव्हता. दिंडोरीजवळ एका शाळेची इमारत मी नुकतीच पूर्ण केली होती. वास्तुरचनाकार म्हणून माझी पहिलीच. संस्थेला पुस्तिकेसाठी फोटो हवे होते. मनोहरराव नाशिकहून आले, एक घमेले पालथे घालून त्यावर बसले आणि कुठल्या भिंतीवर कधी ऊन येते ते संध्याकाळपर्यंत वहीत लिहीत राहिले. "कॅमेरा उद्या," एवढेच बोलले. मला वाटले, या गृहस्थांचे काही खरे नाही.

ते आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. इमारतींचे फोटो काढण्यात त्यांची हयात गेली, आणि तेही फक्त सूर्याच्या उजेडात. ढग आला की थांबायचे, हा त्यांचा नियम. त्यात स्वतःचा दिवस वाया गेला तर तक्रार नाही आणि दुसऱ्याचा गेला तर दिलगिरी नाही. त्यांच्याबरोबर काम केलेल्या प्रत्येकाने गार चहा प्यायलेला आहे.

एकदा एकलहऱ्याच्या वसाहतीत त्यांनी कॅमेऱ्याची तिपाई उभी केली, तशी एक बाई गॅलरीतले कपडे काढायला धावली. "राहू द्या ताई," मनोहरराव म्हणाले, "इथं माणसं राहतात, ते दिसायला नको का?" फोटो झाला की त्याची एक प्रत ते गवंड्यांनाही देतात. आम्हा रचनाकारांना हे कधी सुचले नाही.

शाळेचे फोटो मात्र मला पचायला जड गेले. सभागृहाची उत्तरेची उंच विटांची भिंत हिवाळ्यात बांधली होती. तेव्हा तिकडे ऊन फिरकतच नाही, त्यामुळे मी ती कायम सावलीतच पाहिली. मे महिन्यात सूर्य उत्तरेला सरकतो आणि सकाळचे ऊन त्या भिंतीला घासून जाते. मनोहररावांनी नेमकी तीच वेळ धरली होती. फोटोत भिंतीला मधोमध पोट सुटलेले स्वच्छ दिसत होते.

"दुपारी परत काढा ना, म्हणजे दिसणार नाही," मी म्हणाले.

"दिसणार नाही, पण राहील," ते शांतपणे म्हणाले. "फोटो तुम्हाला दिलाय, संस्थेला नाही. पुढचं तुम्ही ठरवा."

मला त्यांचा भयंकर राग आला. जूनमध्ये शाळा भरणार होती आणि मुले त्या भिंतीला पाठ टेकून बसणार होती. सांगावे, तर पहिल्याच कामात नाव जाणार. दोन दिवस फोटो मी ड्रॉवरमध्ये दडवला. तिसऱ्या दिवशी गवंड्याला घेऊन गेले.

"मॅडम, भिंत सरळ हाय. फोटोच वाकडा आला आसंल," तो म्हणाला. मग त्याने वरून ओळंब्याची दोरी सोडली आणि दोरी नि विटांमधले अंतर बोटांनी मोजत खाली आला. "लय बाहेर गेलीय, मॅडम."

त्याच दुपारी मी संस्थेला सांगितले. सभागृहाला कुलूप लागले, भिंत उतरवून पुन्हा बांधली. मी पोटभर बोलणी खाल्ली, हातात येऊ घातलेले एक कामही गेले. मनोहररावांनी मात्र ही गोष्ट आजवर कोणाजवळ काढली नाही. आज मीच ती उघड करते आहे. भिंत नव्याने बांधल्यावर पुढच्याच वर्षी मे महिन्यात ते न बोलावता शाळेवर गेले, नव्या भिंतीचा त्याच उन्हात फोटो काढला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. "सरळ आहे," म्हणाले. ते दाराबाहेर पडल्यावर मी रडले.

त्यानंतर मी पुष्कळ इमारती बांधल्या. पुढच्या आठवड्यात चांदवडच्या एका कामावर मनोहरराव येणार आहेत. ते येणार म्हटले की मी आदल्या दिवशी ओळंबा घेऊन सगळ्या भिंती स्वतः तपासते, आणि तरीही मला धाकधूक वाटते. त्यांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो. आणि माझी ही धाकधूक मी काम थांबवेपर्यंत टिको.