तात्यांचं उभं राहणं

तालमीत तात्यांना बसलेले कुणी पाहिले नाही. इंदापुरात आमच्या आळीतली तालीम त्यांनी वस्ताद म्हणून तीस वर्षे सांभाळली. मेहनत संपली की सगळ्यांनी मारुतीपुढे हात जोडून निश्चल उभे राहायचे, वस्ताद कपाळाला माती लावीपर्यंत कुणी हलायचे नाही, हा त्यांचा दंडक. एखादा दमून टेकला तर म्हणत, "बसल्याला पैलवान आन् बसल्याला बैल, दोन्ही बाजारात जात्यात."

मी त्यांचा भाचा, शाळामास्तर. माझ्या काडीसारख्या दंडांकडे बघून ते मला "पुस्तका" अशी हाक मारीत. डोके सारखे ठणकू लागले तेव्हा मात्र पुण्याच्या डॉक्टरांकडे जायला त्यांना मीच सोबत लागलो.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला तसा तात्यांनी दंड फुगवला. तो सैल सोडा म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. रक्तदाब फार चढला होता. डॉक्टरांनी नवी गोळी दिली आणि सावकाश समजावले. मेहनतीत पायांकडे रक्त धावते, माणूस थांबला की शरीर शिरा आवळून ते वर चढवते. ही गोळी त्या शिरा आवळू देत नाही, मग डोक्याला रक्त पुरत नाही. बैठका कमी करा, नंतर ताठ उभे राहू नका, अंधारी आली की तिथेच बसा. तात्यांनी एवढेच विचारले, गोळी सोडली तर? लकवा मारेल, डॉक्टर म्हणाले.

मी ते कागदावर लिहून गोळ्यांच्या बाटलीला गुंडाळले. तात्यांना वाचता येत नव्हते, तरी तो कागद ते जपून ठेवीत. मळ्यात पाणी धरताना डोळ्यांपुढे काळोख आला की वांग्याच्या बांधावर मुकाट बसत. मामी म्हणायची, "जलमात पयल्यांदा बसाया शिकलं." तालमीत मात्र ते बसत नाहीत, हे तिला ठाऊक होते. तिनेच मला रोज तिथे जायला लावले. "तू नुस्ता जवळ उभा ऱ्हा," म्हणाली.

मी एकदा विषय काढला. तात्या म्हणाले, "पुस्तका, घरी तू म्हणशील तितं बसतो. देवाम्होरं न्हाय. तीस वर्सं ज्यांना उभं केलं, त्यांच्या म्होरं कसा बसू?"

नागपंचमीच्या आदल्या सकाळी तालीम भरलेली होती. बैठका झाल्या, सगळे उभे राहिले. मी तात्यांच्या शेजारीच होतो. त्यांचा डावा हात सुटला आणि मागे भिंत चाचपू लागला. भिंत हातभर लांब होती. "बसा" हा शब्द माझ्या तोंडाशी आला. समोर चाळीस माणसे हात जोडून उभी होती. त्यांच्यादेखत मला तो उच्चारवला नाही.

ते ताठच पडले. डोके दगडी उंबऱ्यावर आपटले. घरी आणेपर्यंत सगळे संपले होते.

वस्ताद देवापुढे उभ्यानं गेले, असे त्यांचे पठ्ठे आजही अभिमानाने सांगतात. मामी ऐकते आणि माझ्याकडे बघत नाही. बाटलीवरचा तो कागद तिने मला परत दिला. त्यावर माझ्याच अक्षरात तो शब्द आहे.