लंडनचं घड्याळ आणि आमच्या ईराची सायकल

आज सोमवार, संध्याकाळचे बरोबर पाच. अबुधाबीतल्या आमच्या फ्लॅटच्या दारात माझी सात वर्षांची नात ईरा हेल्मेट घालून, सायकल धरून उभी.

सायकल मे महिन्यात आणली. बाहेर भट्टी पेटलेली, म्हणून उन्हाळाभर ती पॅसेजमध्येच राहिली. "ऑक्टोबर संपू दे, बाबा शिकवेल," असं सांगून मी पोरीला थोपवलं. आता हवा सुधारली, तर बाबा खोलीत लॅपटॉपसमोर!

मी दार ठोठावलं. "समीर, तुझी लंडनच्या ऑफिसची मीटिंग पाचला संपते ना?"

"आई, दर हिवाळ्यासारखी काल लंडनची घड्याळं तासभर मागे गेली. आता मार्चपर्यंत आपल्याकडे सहाला संपणार."

सहाला इथे अंधार पडतो.

"इट्स ओके आजी, टुमॉरो," म्हणत ईराने हेल्मेट काढलं. उद्याही सहाच वाजणार, हे तिला कुठे ठाऊक!

तिकडच्या मुलांना थंडीत उजेडात शाळेत जाता येतं, ही सोय मला मान्य आहे. पण तिची किंमत इथल्या मुलीने का मोजायची? आमचं घड्याळ तर कोणी हलवलेलं नाही. गुडघे धड असते तर मीच सायकलमागे धावले असते.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरातली संध्याकाळ परदेशातला साहेबच ठरवतो का?

आणि समीर, तू हे वाचणारच आहेस. आठवड्यातल्या कोणत्या दोन संध्याकाळी उजेड असताना खाली उतरणार, ते इथेच कमेंटमध्ये लिही. मुदत बुधवारी दुपारी चारपर्यंत, अबुधाबीच्या घड्याळाने. तोंडी "इन्शाल्ला" चालणार नाही.